जुनी डिझेल गाडी घेताना गिअर पाच की सहा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच मॉडेलच्या दोन जुन्या डिझेल गाड्या पसंत पडल्या आहेत. इंजिन मुळात तेच, पण एकीत त्याची ताकद कमी ठेवलेली आहे आणि तिला ५ गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. दुसरीत ताकद जास्त आणि गिअर ६ आहेत, मात्र ती बरीच अधिक चाललेली आहे. रोजच्या प्रवासाचा अर्धा भाग गर्दीच्या रस्त्यांवरून, अर्धा मोकळ्या हमरस्त्यावरून होतो आणि गाडी पुढची काही वर्षे ठेवायची आहे. अशा वेळी कोणता गिअरबॉक्स निवडावा?

माझे मत आधीच सांगतो. गिअर किती आहेत, हा या निवडीतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. गिअरबॉक्सची क्षमता इंजिनाच्या टॉर्कपेक्षा (फिरवण्याच्या जोरापेक्षा) पुरेशी जास्त आहे का, टॉप गिअर तुमच्या नेहमीच्या वेगाला जुळतो का आणि क्लच, फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामधली जड चकती) व बेअरिंग यांची आजची अवस्था कशी आहे, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा. गिअरबॉक्सची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, पण गाडी घेणारा माणूस मात्र गिअरच्या दांड्यावरचा आकडा पाहून मन बनवतो आणि पुढे खर्चात पडतो.

आकड्याने फसगत कशी होते ते पाहू. इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोहोचताना गिअरचे गुणोत्तर आणि डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचे) अंतिम गुणोत्तर या दोन्हींतून जातात, त्यामुळे पाहायचा असतो तो या दोन्हींचा गुणाकार. समजा, ५ गिअरच्या गाडीत पाचव्याचे गुणोत्तर ०.७४ आणि अंतिम गुणोत्तर ३.४ आहे, गुणाकार सुमारे २.५२ येतो. ६ गिअरच्या गाडीत सहाव्याचे गुणोत्तर ०.६२ आहे, पण अंतिम गुणोत्तर ३.९ आहे, गुणाकार २.४२ येतो. २०५/५५ आर १६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर अंतर कापतो, असे धरले तर ताशी १०० किलोमीटर वेगाला पहिल्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे २१५० फेऱ्यांवर आणि दुसऱ्या गाडीचे सुमारे २०७० फेऱ्यांवर चालेल. म्हणजे सहावा गिअर असूनही आवाजात किंवा इंधनात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. याउलट, सहाव्याचे गुणोत्तर ०.५६ आणि अंतिम गुणोत्तर ३.४५ असेल, तर त्याच वेगाला इंजिन १६५० फेऱ्यांवर येते आणि लांबच्या प्रवासात ते निश्चित जाणवते. मात्र हाच लांब सहावा गिअर ताशी ७० ला टाकला, तर इंजिन जेमतेम ११५० फेऱ्यांवर राहते. तिथे बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांना दम नसतो, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गुरगुरते आणि पाचव्यात परत यावेच लागते. ज्याचा नेहमीचा वेग ताशी ८० च्या आत आहे, त्याच्या दृष्टीने असा सहावा गिअर असून नसल्यासारखाच.

हे तपासायला कोणत्याही तक्त्याची गरज नाही. गाडी चालवून पाहताना मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये फोनच्या जीपीएसवर ताशी ८० किलोमीटर वेग स्थिर ठेवावा आणि सोबतच्या माणसाला फेऱ्यांचा काटा वाचायला सांगावे. दोन्ही गाड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणता टॉप गिअर आपल्या कामाचा, हे लगेच कळते. स्पीडोमीटर सहसा वेग थोडा जास्त दाखवतो, म्हणून जीपीएस वापरायचा.

खालच्या गिअरचा विचार फारसा कोणी करत नाही, पण गर्दीत तोच अधिक उपयोगी पडतो. सहा गिअर असले की निर्मात्याला पहिला गिअर जास्त जोरकस ठेवणे परवडते. पहिल्या गिअरचा एकूण गुणाकार १२.८ असेल, तर ८५० फेऱ्यांच्या आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी ताशी ७.८ किलोमीटर वेगाने सरकते, तोच १४.८ असेल, तर वेग ६.७ वर येतो. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, परंतु रांगेत सरकणाऱ्या वाहतुकीत पहिल्या गाडीला पुनःपुन्हा हाफ क्लचवर ठेवावे लागते आणि दुसरी गाडी पाय पूर्ण उचलून आपोआप सरकते. क्लच प्लेटचे आयुष्य यातच ठरते. याचे टोकाचे उदाहरण रेनो डस्टरच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) डिझेल गाडीचे आहे: तिच्या ६ गिअरच्या बॉक्समध्ये पहिला गिअर इतका लहान आहे की १००० फेऱ्यांवर वेग ताशी ५.७९ किलोमीटर इतकाच भरतो. चढावर आणि खडकाळ वाटेवर त्याचा मोठा आधार होतो, परंतु सपाट रस्त्यावर बहुतेक चालक दुसऱ्यातूनच गाडी उचलतात. अशा गाडीला प्रत्यक्षात कामाचे गिअर पाचच उरतात.

आता क्षमतेकडे वळू, कारण महागडे बिघाड इथे सुरू होतात. प्रत्येक गिअरबॉक्स ठरावीक टॉर्क सोसण्यासाठी बनवलेला असतो. एकाच इंजिनाच्या कमी ताकदीच्या गाडीला हलका ५ गिअरचा बॉक्स आणि जास्त ताकदीच्या गाडीला वेगळ्या घराण्यातला, जाड शाफ्टचा (आतल्या फिरत्या आसाचा) ६ गिअरचा बॉक्स देण्याची पद्धत जुनी आहे. डस्टरच्याच १.५ लिटर डीसीआय इंजिनाच्या ८५ अश्वशक्तीच्या आवृत्तीला ५ आणि ११० च्या आवृत्तीला ६ गिअर होते. पण दर वेळी असे असतेच असे नाही. होंडाचे १.५ लिटर आय-डीटेक इंजिन अमेझमध्ये ५ गिअरसह आणि सिटीमध्ये ६ गिअरसह आले आणि दोन्हीकडे टॉर्क २०० न्यूटन मीटरच होता. तिथे सहावा गिअर जास्तीचा टॉर्क पेलण्यासाठी नव्हता, तर हमरस्त्यावर इंजिन कमी फेऱ्यांवर चालावे यासाठी होता. म्हणून सहा गिअरचा बॉक्स म्हणजे मजबूत बॉक्स, हे समीकरण सोडून द्यावे.

हे समीकरण किती दिशाभूल करते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फियाट आणि जनरल मोटर्स यांच्या एम३२ या ६ गिअरच्या बॉक्सचे. नावातला ३२ हा आकडा ३२० न्यूटन मीटर क्षमता सांगतो आणि ओपेल ॲस्ट्राच्या १.९ लिटर सीडीटीआय इंजिनाची १५० अश्वशक्तीची आवृत्ती नेमका ३२० न्यूटन मीटर टॉर्क देते. म्हणजे हातात काहीच राखून ठेवलेले नाही. त्यातच वरच्या बाजूला, शाफ्टच्या टोकाशी असलेल्या बेअरिंगना तेल पुरेसे पोहोचत नाही, हे पुढे लक्षात आले. ही बेअरिंग झिजली की शाफ्ट मागे-पुढे सरकू लागतो, गिअरचे दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि शेवटी शाफ्टचे टोक बॉक्सचे अल्युमिनियमचे कवच फोडते. कमी ताकदीच्या इंजिनांबरोबरही हे बॉक्स बिघडले, म्हणजे दोष केवळ टॉर्कचा नव्हता, तेलाच्या प्रवाहाचाही होता. आज हे बॉक्स उघडणारे अनुभवी कारागीर मोठी बेअरिंग बसवतात आणि मूळ प्रमाणापेक्षा अधिक तेल भरतात. त्याच काळातला एफ४० हा ६ गिअरचा बॉक्स ४०० न्यूटन मीटरसाठी बनवलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींच्या दांड्यावर आकडे सहाच दिसतात.

या उदाहरणावरून नियम असा निघतो: इंजिनाचा जाहीर टॉर्क आणि गिअरबॉक्सची क्षमता यांत किमान दहा-पंधरा टक्क्यांचे अंतर असावे. इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलेली जुनी गाडी मी कोणालाही सुचवत नाही, कारण वाढवलेला टॉर्क हेच अंतर खाऊन टाकतो आणि बदल पुन्हा मूळ स्थितीत आणला तरी झालेली झीज भरून येत नाही. ट्रेलर ओढण्यासाठी मागे हुक बसवलेला असेल, तर त्याची गोलाई किती घासली आहे, तेही पाहावे. गाडीने कसले ओझे वाहिले ते कळते.

गिअरबॉक्सइतकेच लक्ष फ्लायव्हीलकडे द्यायला हवे. चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. १५०० फेऱ्यांवर सेकंदाला ५०. डिझेलमध्ये प्रत्येक स्फोटाचा दाब मोठा असल्याने हे धक्के तसेच गिअरबॉक्सकडे गेले, तर दाते खडखडतात आणि बेअरिंग लवकर झिजतात. हे धक्के गिळण्यासाठी डबल मास फ्लायव्हील वापरतात: दोन जड चकत्या, त्यांच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या कमानीच्या आकाराच्या लांब स्प्रिंग. अनेक मॉडेलांत जास्त ताकदीच्या, सहा गिअरच्या गाडीला हे फ्लायव्हील असते आणि कमी ताकदीच्या गाडीला साधे, एकसंध. ते पुढेमागे झिजतेच आणि सहसा क्लच प्लेटच्या संचापेक्षा महाग पडते. तेव्हा दोन्ही गाड्यांच्या चासिस क्रमांकावरून सुट्या भागांच्या दुकानात ही एक गोष्ट आधी विचारून घ्यावी, मगच किमतीची तुलना करावी.

हे फ्लायव्हील मारून टाकणारी सवय एकच: कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर खोल दाबणे. मायलेजच्या ओढीने पुष्कळ चालक ताशी ५० ला पाचवा आणि ६० ला सहावा टाकतात, काही गाड्यांतला गिअर बदलण्याचा बाणही त्यांना तेच सुचवतो, आणि सगळा भार त्या स्प्रिंगवर पडतो. म्हणून मी जुन्या मालकाला गाडी चालवायला सांगतो आणि स्वतः शेजारी बसतो. तो कोणत्या वेगाला कोणता गिअर टाकतो, चढावर गाडी गुदमरली तरी गिअर उतरवतो की नाही, सिग्नलला उभा असताना पाय क्लचवर ठेवतो का, हे दहा मिनिटांत दिसते आणि किलोमीटरच्या आकड्यापेक्षा अधिक खरे असते. हमरस्त्यावर शांतपणे चाललेल्या दीड-दोन लाख किलोमीटरच्या गाडीचा क्लच, शहरात साठ हजार चाललेल्या गाडीपेक्षा चांगला निघाल्याचे या व्यवसायात नेहमी दिसते.

डबल मास फ्लायव्हील काढून त्या जागी एकसंध फ्लायव्हील बसवलेले असेल, तर ती गाडी मी किंमत उतरल्याशिवाय घेऊ देत नाही. धक्के गिळणारी रचना निघून गेल्यावर ते काम क्लच प्लेटमधल्या लहान स्प्रिंगना करावे लागते. ते त्यांना पूर्ण झेपत नाही आणि उरलेला मार गिअरबॉक्सला सोसावा लागतो. मालक हा बदल सुधारणा म्हणून सांगेल. बिल मागा आणि त्यावर कोणता भाग लिहिला आहे ते पाहा.

आता तपासणी. गाडी थंड असताना पोहोचावे; आधीच गरम करून ठेवलेली गाडी बऱ्याच गोष्टी लपवते. इंजिन सुरू करताना आणि बंद करताना तळातून खडखड आली, तर फ्लायव्हीलवर संशय घ्यावा. आयडलवर न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढून कान द्यावा. घरघर ऐकू येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फेरे घेणारा) फिरायचा थांबल्याने ती थांबली; त्याच्या बेअरिंगकडे किंवा पुन्हा फ्लायव्हीलकडे पाहावे लागेल. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारे) झिजले आहे. ते बेअरिंग हायड्रॉलिक सिलिंडरसह गिअरबॉक्सच्या आत बसवलेले असेल, तर भाग लहान असला तरी बॉक्स खाली उतरवावा लागतो.

रस्त्यावर गेल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात येऊन पाहा. सिंक्रो रिंगची (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याची) झीज सर्वांत आधी दुसऱ्या गिअरमध्ये दिसते: दांडा अडतो किंवा करकर होते, आणि गाडी थंड असताना अधिक. क्लच घसरतो का, हे चौथ्यात, सुमारे १८०० फेऱ्यांवरून, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कळते, कारण टर्बो डिझेलचा पूर्ण टॉर्क तिथेच येतो. काटा झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपला आहे. पहिल्यात किंवा दुसऱ्यात हे दिसणार नाही. पुढची तपासणी एम३२ सारख्या बॉक्ससाठी विशेष महत्त्वाची आहे, पण सगळ्यांनाच लागू पडते: गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा, आणि दांड्यावर नजर ठेवा. सगळ्या गिअरमध्ये दांडा सारखाच हलत असेल, तर बहुधा इंजिनाच्या माउंटिंगचे रबर गेले आहे. ठरावीक गिअरमध्येच, म्हणजे पहिल्यात, पाचव्यात किंवा सहाव्यात तो मागे-पुढे होत असेल, तर शाफ्ट आत सरकतो आहे आणि त्या गाडीवर वेळ घालवू नये. घुंई असा आवाज येत असेल, तर वळणावर तो बदलतो की ॲक्सिलरेटर सोडल्याक्षणी बदलतो, हे पाहावे. वळणावर बदलला तर चाकाचे बेअरिंग, ॲक्सिलरेटरबरोबर बदलला तर गिअरबॉक्स.

गाडी लिफ्टवर घेता आली, तर बॉक्सचा सांकेतिक क्रमांक वाचून घ्यावा. तो सहसा कवचावर ठोकलेला किंवा स्टिकरवर छापलेला असतो. तो मूळ क्रमांकाशी जुळला नाही, तर बॉक्स कधीतरी बदललेला आहे. बदललेला असणे हा दोष नाही, पण त्याच घराण्यातला वेगळ्या अंतिम गुणोत्तराचा बॉक्स बसवलेला असेल, तर गाडी एकतर हमरस्त्यावर ओरडते किंवा चढावर मरते, आणि कारण कोणाच्याही लक्षात येत नाही.

दुरुस्तीच्या सोयीबाबत पाच गिअरच्या बॉक्सची बाजू खरोखर जड आहे. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत त्याला सहसा दोनच शाफ्ट असतात, आणि पाचवा गिअर पुष्कळदा टोकाच्या झाकणामागे असल्याने त्याचे काम बॉक्स न उतरवताही होऊ शकते. सहा गिअर तेवढ्याच लांबीत बसवण्यासाठी अनेकदा तीन शाफ्टची रचना करतात. बेअरिंग वाढतात, मोजमाप अधिक काटेकोर लागते आणि ते सगळ्याच कारागिरांच्या हातचे नसते.

तेव्हा विचारणाऱ्याच्या बाबतीत माझा कल असा आहे. हमरस्त्यावरचा नेहमीचा वेग ताशी ८०-९० च्या आसपास असेल आणि दोन्ही गाड्यांच्या टॉप गिअरमधील फरक ८० च्या वेगाला दोनशे फेऱ्यांपेक्षा कमी निघाला, तर पाच गिअरची, कमी चाललेली गाडी घ्यावी. साधे फ्लायव्हील असल्यास तर विनासंकोच. वेग नियमितपणे ११० च्या वर जात असेल, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल, किंवा रोजच्या वाटेवर लांब चढ असतील, तर सहा गिअरची गाडी अधिक योग्य ठरेल, कारण तिचे गिअर जवळ जवळ असल्याने चढावर इंजिन टर्बोच्या कक्षेत राहते. मात्र तिचा क्लच आणि फ्लायव्हील नुकतेच बदललेले असल्याचे बिल हवे, किंवा ते बदलण्याचा पूर्ण खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. यांपैकी काहीही मिळत नसेल, तर ती गाडी सोडावी आणि तिसरी शोधावी.

कोणतीही घेतली, तरी पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्सचे तेल बदलून घ्यावे. काही निर्माते हे तेल आयुष्यभरासाठी असल्याचे सांगतात, पण त्यांच्या हिशेबातले आयुष्य आणि तुम्हाला हवे असलेले आयुष्य वेगळे आहे. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच हवे. जीएल-४ दर्जाच्या तेलाच्या जागी जीएल-५ दर्जाचे ओतू नये, कारण त्यातील जास्तीची रसायने पितळी सिंक्रो रिंगना त्रासदायक ठरू शकतात. कारागिराला तेल काढायच्या आधी भरायचा बोल्ट उघडायला सांगावे. तो गंजून बसलेला असेल आणि तेल आधीच काढलेले असेल, तर गाडी तिथेच अडकते. काढलेले तेल स्वच्छ भांड्यात घेऊन उजेडात पाहा. चुंबकी बोल्टवर करड्या रंगाची मऊ, लोण्यासारखी पेस्ट असणे स्वाभाविक आहे. तेलात सोनेरी चमक तरंगत असेल, तर सिंक्रो रिंग झिजत आहेत, आणि बोटांना टोचणारे पोलादी कण लागले, तर बेअरिंग किंवा दाते तुटत आहेत. सोनेरी चमक दिसल्यास नवे तेल भरून हजारभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहावे. पोलादी कण मिळाल्यास गाडी रस्त्यावर न आणता बॉक्स उघडावा, कारण त्या टप्प्यावर दोन बेअरिंगांत निभावणारे काम पुढे पूर्ण बॉक्सवर जाते.